रेवूची पावलं रणात गेली

माझी रेवू चालायला लागली त्याच्या आधीच तिच्या पाऊलखुणा चालायला लागल्या. आणि तेही मी तव्यावर भाकरी टाकलेली असताना.

रेवू तेव्हा सव्वा वर्षाची होती. तिला उभं केलं की ती दोन्ही पाय पोटाशी ओढून घ्यायची आणि धुण्याच्या बोचक्यासारखी खाली बसायची. त्या सकाळी ती पिठाचा डबा सांडून त्याच्यापुढे बसली होती. पिठात तिने हात घातले, तोंड घातलं, पाय मात्र घातला नाही. तरी पिठात एक पाऊल उमटलं. मग दुसरं उमटलं. मग ती पावलं पिठातून बाहेर निघाली, फरशीवर पांढरी पांढरी होत दारापर्यंत गेली, उंबऱ्याशी जरा थांबली आणि ओलांडून अंगणात उतरली. रेवू जागेवर बसून त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवत होती.

मी आधी गॅस बंद केला. काही झालं तरी आधी गॅस बंद करायचा, हे मी स्वतःला शिकवलेलं आहे.

पावलं तिचीच होती. डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं आहे, तिच्या बापासारखं. अंगणातल्या मातीत ते बोट स्पष्ट दिसत होतं. आणि पावलं अनवाणी होती. बाहेर थंडी, खाली काटे, आणि हे असं.

आम्ही मूळचे जत तालुक्यातले. रेवूचे पप्पा पवनचक्कीच्या कंपनीत आहेत, वर चढून तेलपाणी करतात. म्हणून गुजरातच्या टोकाला, रणाच्या कडेला, कंपनीच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये राहतो. रण म्हणजे सुकलेला चिखल आणि त्याच्यावर मिठाचा पापुद्रा, नजर जाईल तिथपर्यंत सपाट. झाड नाही, सावली नाही. पूर्वी तिथे मिठागरं होती, माणसं राहायची. आता कोणी राहत नाही.

मी ह्यांना फोन लावला. हे वर चढलेले होते.

"अहो, रेवूची पावलं चालली."

"अरे वा! चालली का रेवू?"

"रेवू इथंच बसलीय. पावलं चालली."

मग म्हणाले, "कुठल्या बाजूला?"

"रणाकडं."

"मग तिला घे नि जा मागनं. मी पट्ट्यानं बांधलेला आहे इथं, संध्याकाळशिवाय सुटत नाही. आणि टोपी घाल."

"कुणाला?"

"दोघींना."

आत्याबाईंना मी कळवणार नव्हते, पण सासूला कळवावं लागत नाही. त्यांचाच फोन आला.

"उंबऱ्यावर बसवलीस का पोरीला?"

"नाही आत्याबाई."

"तेल लावून पाय चोळतीस का?"

"रोज चोळते."

"मग जास्त चोळलंस. आमच्या दिगूला, तुझ्या नवऱ्याला, थेंब लावला न्हाई मी तेलाचा. वरीस व्हायच्या आत वाड्यावस्त्या फिरून येत हुता."

मी पाण्याचा कॅन घेतला, भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधली, बिस्किटं, दोन लंगोट, आणि रेवूचे लोकरीचे मोजे. मोजे कुणाला घालायचे हे मी ठरवलं नव्हतं, पण न घेता कसं जाणार? रेवूला काखेत मारलं आणि निघाले.

मूल चालतं तसंच त्याच्या खुणा चालतात, हे मला पहिल्या अर्ध्या तासात कळलं. म्हणजे त्या चालतच नाहीत. चार पावलं पुढे, मग एकदम वळून मागे. मध्येच एक गोल खड्डा, म्हणजे बसल्या. मग त्याच जागी गिरक्या. रानगाढवांचे खूर उमटले होते, तर प्रत्येक खुरात एक एक पाऊल घालून बघितलेलं. मी जवळ गेले की समोर नवं पाऊल उमटायचं, टच्, आणि मग पुढे टच् टच् टच्. मी थांबले की त्याही थांबायच्या. मला पक्कं कळत होतं की हसतायत.

जुनी मिठागरं लागली. मिठाचे वाफे आता नुसते चौकोन राहिलेत, पण बांध शाबूत आहेत. बांधावर गंजलेलं इंजिन पडलेलं होतं, पाणी ओढायचं. खाली एक तुटका रूळ, पूर्वी त्यावरून मिठाचे डबे ढकलायचे. पावलं आधी इंजिनाभोवती फिरली, मग रुळाच्या कडेकडेने गेली, आणि मग बांधावर चढली, जिथून खाली पडलं तर डोकं फुटेल.

"रेवू! उतर खाली! आधी उतर!" मी ओरडले.

काखेतली रेवू दचकून रडायला लागली. तिचंही बरोबर होतं. तिने काहीच केलं नव्हतं.

मी बांधाखाली बसले, तिला गप्प केलं, पाजलं. डोळे पुसले. तिचे, मग माझे. तेवढ्यात पावलं पलीकडून उतरून लांब गेलेली. मला वाटलं, हिचं वजन मी उचलायचं आणि हिचं पळणं पण मीच पुरवायचं, मग हिने स्वतः काय करायचं? बिस्किट खायचं. ती खातच होती.

ऊन चढलं तेव्हा एक चौकी लागली. दगडाची एक खोली, बाहेर रिकामा लोखंडी खांब. दारात एक म्हातारे गृहस्थ स्टोव्हवर चहा ठेवून बसले होते, खाकी शर्ट, खाली धोतर. त्यांचं नाव वालजीभाई, चौकीचे पहारेकरी. ते हिंदी-गुजराती बोलत होते, मी इथे मराठीत लिहिते.

"बेन, ती पोरगी तुमची?"

"हो, माझी."

"काखेतली नाही विचारत. पुढे गेली ती."

"तीही माझीच. एकच आहे मला."

"ठीक. म्हणजे दोनदा विचारायला नको."

"तुम्ही बघितलंत, मग अडवलं का नाही?" मला आता राग आवरत नव्हता.

"मला पाय अडवायचा अधिकार आहे. खूण अडवायचा नाही. पाय आले असते तर अडवलं असतं."

"पाय हे काय, इथं आहेत!"

त्यांनी चष्मा लावून रेवूचे लोंबणारे पाय नीट बघितले. "हे आत्ता आले. ह्यांना अडवू शकतो. अडवू?"

"नको!"

"मग चहा घ्या."

चहा घेताना त्यांनी सगळं समजावून सांगितलं. पुढे मीठ काढणाऱ्यांची जुनी वस्ती आहे. विहीर खारी झाली म्हणून माणसं गेली, पण त्यांच्या खुणा राहिल्या.

"त्या का नाही गेल्या?"

"माणसं ट्रकमधून गेली, बेन. पायी गेली असती तर खुणाही गेल्या असत्या. ट्रकमध्ये खुणा बसत नाहीत." त्यांनी बशीत फुंकर मारली. "मोठ्यांच्या आपापल्या कामात असतात. पोरांच्या खेळतात. आसपास कुठे लहान मूल असलं की त्याच्या खुणांना तिकडे जावंसं वाटतंच. तुम्ही दिवस मावळायच्या आत नेल्यात तर तुमच्या. रात्र काढली की त्यात मीठ धरतं. खूण पक्की होते. मग ती तिथली."

"आणि रेवू?"

"ती बसेल."

"किती दिवस?"

"बसेलच. बसलेली माणसंही मोठी होतात. माझ्या मामाचा एक साडू..."

"नका सांगू," मी म्हटलं. "पक्की झाल्यावर परत नाही का मिळत?"

"वरून हुकूम आणावा लागतो."

"वर कोण असतं?"

"ते मीही विचारलेलं आहे," वालजीभाई म्हणाले. "इतकी वर्षं झाली, उत्तर यायचंय."

ते माझ्याबरोबर आले. छत्री घेतली, खोलीला कडी लावली. चालताना ते बरोबर आपल्या जुन्याच पावलांत पाऊल ठेवत होते. मी विचारलं तर म्हणाले, नवी उमटवली की तिची जबाबदारी येते.

वस्ती म्हणजे काय, झोपड्यांचे दगड उरलेले. तीन दगडांच्या चुली, काळ्या पडलेल्या. मडक्यांच्या खापऱ्या, बाजेचा एक पाय, सिमेंटची फुटकी टाकी. माणूस एकही नाही आणि जमीन नुसती चालत होती. एका बाईची पावलं विहिरीकडे जात होती आणि परत येत होती. जाताना उथळ, येताना खोल. विहीर कोरडी होती, पण येतानाची पावलं भरल्या घागरीचीच होती. मी बाजूला झाले, तिला वाट दिली. भरलेली घागर घेऊन येणाऱ्या बाईला वाट द्यावीच लागते.

आणि टाकीच्या पलीकडे, मोकळ्या जागेत, पोरांच्या खुणा. बऱ्याच होत्या. त्यातली एक मात्र एकाच पायाची. टप्, टप्, टप्, आणि बाकीच्या जोडीने इकडेतिकडे पळत होत्या.

"लंगडी चाललीय," मी म्हटलं.

"तुम्हाला येते?"

"सातवीपर्यंत शाळेच्या संघात होते मी." पुढची शाळा लांब होती. मग घरी बसवलं, मग लग्न झालं. हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण त्या घोळक्यात मला रेवू दिसली. म्हणजे तिचं ते चढलेलं बोट. सगळे पळत होते त्याच्या बरोबर उलट दिशेला ती पळत होती, आणि लंगडी घालणारा तिच्या जवळून जाताना मुद्दाम वळून जात होता.

"कच्चं लिंबू धरलंय तिला," मी म्हटलं. लहान भावंडाला खेळायला घेतात पण त्याच्यावर राज्य देत नाहीत, तसं.

"हो. अजून कच्चं आहे. म्हणूनच तर नेता येईल म्हटलं."

"मग काढा ना तिला बाहेर! कच्चं लिंबू गड्यांत मोजत नाहीत. गेलं तरी खेळाला काही फरक पडत नाही."

वालजीभाईंनी मान हलवली. "मोजलेलं नाही हीच अडचण आहे, बेन. जे धरलेलंच नाही ते वजा कसं करायचं?"

"मग आधी मोजा आणि मग वजा करा."

"मोजलं की पक्की झाली."

माणूस सज्जन होता, त्याचाच जास्त त्रास होत होता.

"मग करू काय मी?"

"पाय खुणेवर ठेवा. पाय आणि खूण मिळाली की मिटलं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही."

हे आधी सांगितलं असतं तर! मी धावले. रेवूची पावलं एका जागी गिरकी घेत होती. मी काखेतल्या रेवूला धरून खाली सोडायला गेले आणि रेवूने दोन्ही पाय गपकन पोटाशी ओढून घेतले. पावलं पळाली. मी मागे. परत गाठलं, परत खाली सोडली, परत पाय वर. तिला वाटलं मी तिला झोका देतेय. ती खिदळायला लागली. तिकडे पावलंही उड्या मारायला लागली. दोघी मिळून माझी मजा बघत होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. टाकीजवळ रेंज येत होती, कुठेही येते मेली.

"घावली का?" आत्याबाई.

"घावली, पण हातात येत न्हाई. लंगडीच्या खेळात शिरलीय."

आत्याबाईंचा आवाजच बदलला. "सव्वा वर्साची पोरगी लंगडी खेळती? आमच्यावरच गेली गं बया. दिगूला सांगितलंस का?"

मी फोन कमरेला खोचला. उन्हाचा रंग बदलला होता. माझी सावली लांब होऊन टाकीपर्यंत पोचली होती, आणि मिठावर तो तांबूस उजेड आला होता जो बघायला कंपनीचे साहेब लोक गाड्या घेऊन येतात. कडेवर घेऊनच मोठी केलेली रेवू माझ्या डोळ्यांसमोर आली. शाळेच्या दारात मी, कडेवर ही, दप्तर माझ्याच खांद्यावर. देवळात मी, कडेवर ही. तिच्या लग्नात मी.

मी चपला काढल्या.

"काय करताय?" वालजीभाईंनी विचारलं.

"खेळते."

"आत गेलात तर खेळाचे नियम लागू होतील."

"मला पाठ आहेत नियम."

मी मैदानात गेले आणि नुसती उभी राहिले, पळालेच नाही. लंगडी घालणारी खूण टप् टप् करत आली आणि माझ्या अंगठ्यावर कुणाची तरी बारीक, गार टाच पडली. मी बाद. राज्य माझ्यावर आलं.

मी पदर खोचला, रेवूला डाव्या कडेवर घट्ट धरलं, डावा पाय उचलला आणि लंगडी घातली. इतक्या वर्षांनी. पहिल्या दोन उड्यांत गुडघा बोंबलला, मग त्याला आठवलं. पोरांच्या खुणा सैरावैरा पळाल्या. एक लांब टांगांचा होता, तो मला चिडवत अगदी जवळून जायचा. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"बेन, कच्च्या लिंबाला बाद करता येत नाही!" वालजीभाई टाकीजवळून ओरडले.

"बाद नाही करत! माझ्या लेकीला धरतेय!"

"ते चालतं का बघावं लागेल!"

"बघत बसा!"

आणि लहान मुलं करतात तेच रेवूने केलं. ज्याच्यावर राज्य असतं त्याच्यापासून पळायचं असतं हे तिला कुठे माहीत? ती मोकळ्या जागेतून सरळ माझ्याकडेच पळत आली. इवली इवली पावलं, टच् टच् टच्, आणि माझ्या एका पायासमोर येऊन थांबली, बोटांना बोटं लावून. आता उचल म्हणून थांबते तशी.

मी एका पायावर उभी. दोन्ही हातांनी रेवूच्या काखेत धरून तिला खाली सोडली. तिने पाय वर ओढले. सूर्याचं बूड मिठाला टेकलं होतं.

"टाक ना गं," मी म्हटलं. "रेवू, टाक ना पाय. किती छळशील मला?"

माझी पोटरी लटलट कापायला लागली. मी डुलले, तोल गेला, आणि आम्ही दोघी पुढे झुकलो. पडतोय असं वाटलं की माणूस पाय पुढे टाकतो, ते शिकवावं लागत नाही. रेवूने दोन्ही पाय झटकन खाली टाकले. ते आपल्या खुणांत जाऊन बसले, बोटाला बोट, टाचेला टाच.

माझाही उचललेला पाय टेकला. पडू नये म्हणून टेकलाच.

रेवू उभी होती. तिने खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझी बोटं सोडली आणि एक पाऊल टाकलं. त्याच्याखाली एक खूण उमटली. त्याच्याखालीच, पुढे नाही. मी तिथेच बसून रडले. नाकाचं पाणी मिठात पडलं.

वालजीभाई छत्री मिटवून जवळ आले. "पोरगी मिळाली. घेऊन जा. तुमच्या खुणा मात्र नेता येणार नाहीत."

"का?"

"पाय टेकला तुमचा. राज्य अजून तुमच्यावरच आहे."

मी वर बघितलं. मैदानात सगळ्या खुणा जोडीजोडीने माझ्याकडे तोंड करून उभ्या होत्या, वाट बघत. राज्य न देता घरी पळणाऱ्याला काय म्हणतात ते मला माहीत होतं. मीही एका मुलीला तसं म्हटलेलं आहे, शाळेत असताना.

"अंधार पडतोय. मला हिला घरी न्यायचंय," मी म्हटलं.

"तुम्ही जा ना. तुम्हाला कोण अडवतंय? खुणा राहू देत. पोरीचे पाय शिकायचे होते, तिचं खुणांशिवाय झालं नसतं. तुमचे शिकलेले आहेत. त्यांचं होईल."

मी चपला हातात घेतल्या आणि चार पावलं चालून बघितलं. होत होतं. पाय टेकत होते, गारठा लागत होता, मागे काही उमटत नव्हतं. माझ्या मागे मैदानात मात्र टप्, टप्, टप् सुरू झालं आणि पोरांच्या खुणा परत सैरावैरा पळाल्या.

जाताना रेवू थोडी चालली आणि पुष्कळ कडेवर बसली. मोजे तिला घातले. हे गाडी घेऊन चौकीपर्यंत आले होते. त्यांनी तिला चालताना बघितलं आणि तिथेच उकिडवे बसून दोन्ही हात पुढे केले. घरी आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझे पाय धुवायला पाणी ठेवू का?" मी म्हटलं, "ठेवा." फरशी तशीच स्वच्छ राहिली.

आता रेवू एक मिनिट बसत नाही. गॅसपाशी जाते, मोरीत जाते, गेटच्या फटीतून बाहेर जाते. मी दिवसभर तिच्या मागे. आत्याबाई महिनाभर राहून गेल्या. मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून चालत गेले तर एक डाग उठला नाही, ते त्यांनी दोनदा बघितलं. म्हणाल्या, "बरं हाय. परत पुसायला नको."

माझ्या खुणा पक्क्या झाल्या असणार. पवनचक्कीवरून हवा स्वच्छ असली की वस्तीपर्यंत दिसतं. परवा हे उतरल्यावर म्हणाले, "अजून तुझ्यावरच राज्य आहे."

"कशावरून?"

"एकच पाय दिसतो."

"काल पण?"

"काल तो लांब टांगांचा बाद झाला होता. मग पुन्हा तुझ्यावर आलं."

दिवस मावळत होता. मी दारात उभी राहून रेवूला हाका मारत होते, आणि ती नेहमीसारखी एकाही हाकेला ओ देत नव्हती. शेवटी जाऊन उचलून आणावी लागली, पाय झाडत होती. रणातल्या माझ्या खुणांना कोणी हाक मारत नाही. त्या अंधार पडला तरी खेळतात.